फाईलवर ‘ट्रेट्स’ लिहिलंय, पुढे काय?

एक फाईल डोळ्यांसमोर आणा. निळी, प्लास्टिकची, आत मेडिकलच्या बिलांचा जुडगा स्टेपल केलेला. चार डॉक्टरांचे कागद. सगळ्यात जुन्यावर ‘डिप्रेशन’. दुसऱ्यावर ‘बायपोलर’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. तिसऱ्यावर आजाराचं नावच नाही, नुसत्या गोळ्या. आणि गेल्या आठवड्यातल्या कागदावर, गोळ्यांच्या वर, तिरक्या अक्षरात: ‘क्लस्टर बी ट्रेट्स, आर/ओ बीपीडी’. मुलगी चोवीस वर्षांची. सीबीएसहून सिडकोकडे निघालेल्या शेअर रिक्षात आई हळूच विचारते, “डॉक्टर काय म्हणाले गं नक्की?” शेजारी दोन परकी माणसं बसलेली. मुलगी काही बोलत नाही, ती अक्षरं मोबाईलवर टाकते. घर येईपर्यंत तिने वाचलेलं असतं की ‘अशी माणसं’ जवळच्यांचं आयुष्य नासवतात, ती बदलत नाहीत आणि त्यांच्यापासून लांब राहावं.

ही मुलगी मी कल्पनेने उभी केली आहे. पण अशी फाईल घेऊन फिरणारी घरं नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. आजाराचं नाव कळलं नाही याचा त्रास होतो, आणि अर्धवट कळलं तर त्याहून जास्त. हा लेख त्या अर्धवट कळलेल्यांसाठी आहे.

कागद तुमच्यासाठी लिहिलेला नसतो, हे आधी ध्यानात घ्या. डॉक्टर तो स्वतःच्या आठवणीसाठी आणि पुढच्या डॉक्टरसाठी लिहितात, तेही बाहेर वीस पेशंट बसलेले असताना. ‘आर/ओ’ म्हणजे रूल आउट. काही जण याचा अर्थ ‘हे नाही’ असा लावतात, काही जण ‘हेच आहे’ असा. दोन्ही चूक. ही शक्यता मनात आहे, ती अजून तपासायची आहे, एवढंच डॉक्टर तिथे नोंदवतात. ‘प्रोव्हिजनल’ किंवा ‘इम्प्रेशन’ म्हणजे आजच्या भेटीवरून केलेला अंदाज. ‘ट्रेट्स’ म्हणजे स्वभावात त्या प्रकारच्या काही छटा दिसल्या, पण विकार म्हणण्याइतकं हाताशी आलेलं नाही. ‘एनओएस’, ‘अनस्पेसिफाइड’ किंवा एफ ६०.९ हा कोड दिसला तर समजा की व्यक्तिमत्त्व विकार असावा असं डॉक्टरांना वाटतं, पण तो कुठल्याच ठरावीक नावाखाली नीट बसत नाही, किंवा बसवायला पुरेशी माहिती नाही. ‘ईयूपीडी’ हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या यादीतलं नाव. अमेरिकन यादी ज्याला बीपीडी म्हणते, जवळपास तेच. दोन डॉक्टरांनी दोन नावं लिहिली म्हणून आजार दोन झाले असं नाही.

‘क्लस्टर’ हा शब्दही अमेरिकन यादीतला. २०१३ साली आलेल्या तिच्या पाचव्या आवृत्तीत दहा व्यक्तिमत्त्व विकार आहेत, तीन गटांत वाटलेले. ए गटात संशयी, एकलकोंडे, विक्षिप्त वाटणारे स्वभाव; बी गटात भावना झटकन उसळणारे, आवेगी; सी गटात भिडस्त, परावलंबी, काटेकोर. बीपीडी म्हणजे बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार, बी गटातला. तो ठरवायला नऊ लक्षणांपैकी किमान पाच लागतात. आता जरा हिशेब करा. नवातून पाच किंवा जास्त निवडायच्या २५६ तऱ्हा होतात. दोन पेशंटांना एकच नाव मिळालं, तरी दोघांत एकच लक्षण समान असू शकतं. म्हणून मोबाईलवर वाचलेली ‘बीपीडीवाली मुलगी’ तुमच्या घरातली मुलगी असेलच असं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने या कप्प्यांचा नादच बराचसा सोडला. तिची नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात आधी विचारतात की त्रास किती आहे: सौम्य, मध्यम की तीव्र. मग वाटलं तर स्वभावाचा कल नोंदवायचा. नकारात्मक भावना लवकर उसळणं, माणसांपासून तुटलेपण, दुसऱ्याची पर्वा नसणं, आवेग, काटेकोरपणाचा अतिरेक, असे पाच कल, आणि हवा असेल तर ‘बॉर्डरलाइन’चा जोडशेरा. माझ्या मते ही मांडणी सामान्य घराला जास्त उपयोगी आहे, कारण ती नावाआधी त्रास मोजते. पण आपल्याकडच्या फाईलींवर अजून जुनी नावं भेटतातच, त्यामुळे दोन्ही ठाऊक असलेली बरी.

सोवळं, धसका की स्वभाव

मग डॉक्टर एकदाचं ठरवून का टाकत नाहीत? याचं उत्तर नाशिकजवळच्याच एका घरात सापडतं. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर जलालपूरचं. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्यांना त्यांच्या वडिलांचं, नाना गोखल्यांचं, सोवळं आठवत असेल. १८५७ च्या धामधुमीत नानांच्या सासऱ्यांना फाशी झाली, त्याचा धसका बसला आणि तिथून हे सोवळ्याचं वेड लागलं, असं लक्ष्मीबाई सांगतात. घरातली बायका-मुलं त्या वेडाखाली भरडून निघाली.

आज नाना ओपीडीत आले तर डॉक्टर काय लिहितील? हात धुण्याची, विटाळाची भीती मनात घुसते, ती नकोशी वाटते, तरी थांबवता येत नाही, असं असेल तर तो ओसीडी. ‘मी करतो तेच बरोबर, बाकीचं जग गलथान’ अशी पक्की समजूत असेल, आणि ती तरुणपणापासून प्रत्येक बाबतीत असेल, तर काटेकोरपणाचा व्यक्तिमत्त्व विकार. फाशीनंतरच सगळं सुरू झालं असेल तर आघाताचा परिणाम आधी तपासायला हवा. आणि चौथी गोष्ट: त्या काळी सोवळं पाळणं ही ब्राह्मण घरातली रीतच होती. विकार म्हणायचा तर तो त्या समाजाच्या रीतीपलीकडे किती गेला, ते पाहावं लागतं. बाहेरून दिसणारी कृती एकच, विटाळ घालवायला पाणी ओतणं. तिच्यामागे काय आहे ते एका भेटीत कळत नाही. नानांचं निदान मी करणार नाही, पुस्तकावरून कुणीच करू नये. पण तुमच्या डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह का ठेवलं, ते यावरून कळावं.

त्याच पुस्तकात लक्ष्मीबाईंचे पती, रेव्हरंड टिळक आहेत. लहरी, तापट, मनात आलं की घरातून चालते होणारे, खिशातले पैसे कुणालाही देऊन टाकणारे. वाचताना हसू येतं आणि लक्ष्मीबाईंची दयाही येते. पण तऱ्हेवाईक स्वभाव म्हणजे विकार असं धरलं तर निम्मं मराठी साहित्य ओपीडीत बसवावं लागेल. विकार कधी म्हणायचा? तोच साचा वर्षानुवर्षं, घरी, कॉलेजात, नोकरीत, मैत्रीत, सगळीकडे दिसतो. आणि त्या माणसाचं स्वतःचं किंवा भोवतालच्यांचं जगणं त्याने मोडत राहतं. नवी यादी साधारण दोन वर्षं तरी हा साचा टिकलेला असावा म्हणते. गेल्या दिवाळीपासून बिघडलेल्या माणसावर स्वभावाचा शिक्का मारायची घाई नको. आधी दुसरं काही नवीन झालं आहे का ते बघा.

एकासारखं दिसणारं दुसरं

सगळ्यात जास्त गल्लत बायपोलर आणि बॉर्डरलाइनमध्ये होते. दोन्हीकडे मूड वरखाली होतो. फरक वेळेचा आहे. बायपोलरमधली सौम्य उसळीसुद्धा सलग चार दिवस तरी टिकावी लागते. झोप कमी होते आणि तरी थकवा नसतो. बॉर्डरलाइनमध्ये मूड काही तासांत फिरतो, आणि बहुतेकदा कुणाच्या तरी वागण्यावरून: मेसेजला उत्तर आलं नाही, बॉस तुटक बोलला, नवरा न सांगता बाहेर गेला. ‘मूड स्विंग्ज होतात’ एवढंच डॉक्टरांना सांगितलं तर यातलं काहीच कळत नाही. किती वेळ टिकला आणि त्याआधी काय घडलं, ते सांगा. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, हेही खरं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. दर महिन्याला पाळीच्या आधीचा आठवडाच भयंकर जात असेल आणि पाळी आली की सुटका होत असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे, त्यावर वेगळे उपचार आहेत. थायरॉइडची तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. दारू-गांजाचा हिशेब लपवू नका. नशेतला स्वभाव आणि मूळ स्वभाव वेगळे काढल्याशिवाय कुठलंही निदान कच्चंच राहतं. लहानपणापासूनचं एडीएचडी किंवा स्वमग्नता मोठेपणी ‘विचित्र स्वभाव’ म्हणून खपून जाते. लहानपणी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाले असतील तर आघाताच्या दृष्टीने तपासणी व्हायला हवी; हे घरच्यांसमोर बोलता येत नसेल तर डॉक्टरांशी एकटीने बोलायची वेळ मागा. आणि खोल नैराश्यात असलेला माणूस आपल्या अख्ख्या स्वभावाचंच काळं चित्र रंगवतो. ते नैराश्य उतरल्यावर पुन्हा विचारलं तर उत्तरं बदलतात. म्हणून चांगले डॉक्टर कधी कधी मुद्दामच थांबतात. तो त्यांचा अनिश्चितपणा तुम्हाला खटकला तरी तो प्रामाणिक आहे.

एक पान घेऊन जा

ओपीडीत तुमच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं येतात. त्यातली आठ ‘काय सांगू, कुठून सुरू करू’ यात जातात. म्हणून भेटीआधी दोन-तीन आठवडे रोज चार ओळी लिहा. साध्या वहीत, अशा:

३ तारीख. सकाळी ठीक. दुपारी दोनला मैत्रिणीने मेसेज पाहिला, उत्तर दिलं नाही. तासाभरात रडू, तिचा नंबर ब्लॉक. रात्री नऊला ठीक, अनब्लॉक करून तिलाच सॉरी. झोप सहा तास. जेवण एकदाच. पाळीचा बाविसावा दिवस.

या सात-आठ वाक्यांतून डॉक्टरांना जे दिसतं, ते ‘मला खूप राग येतो’ या वाक्यातून दिसत नाही. या नोंदी एका पानावर उतरवा. मागच्या बाजूला सगळ्या जुन्या औषधांची नावं, डोस, किती महिने घेतली आणि काय फरक पडला ते लिहा. घरच्या एका माणसाला बरोबर न्या, पण आधी ठरवून घ्या की तो काय सांगेल. शाळेतली मैत्रीण किंवा मावशी कधी कधी आईपेक्षा जास्त सांगू शकते, कारण तिने तुम्हाला लांबून पाहिलेलं असतं.

आणि विचारा. आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा वाटतो, म्हणून शब्द तयार ठेवा: “डॉक्टर, हे निदान पक्कं आहे की तात्पुरतं? कशावरून वाटलं? दुसरं काय असू शकतं? आत्ता आपण उपचार कशावर करतोय? तीन महिन्यांनी फरक पडला हे कशावरून समजायचं?” यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नाव अजून नक्की नसलं तरी या प्रश्नाचं उत्तर देता येतं, आणि ते मिळालं तर उपचार सुरू व्हायला नावावाचून अडत नाही. मला विचाराल तर चांगल्या डॉक्टरची परीक्षा हीच: नाव सांगता आलं नाही तरी चालेल, पुढच्या तीन महिन्यांचा बेत सांगता आला पाहिजे.

हे विचारणं तुमचा हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. आजाराचं स्वरूप, ठरवलेले उपचार, त्यांचे दुष्परिणाम, हे सगळं तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगितलं गेलं पाहिजे, असं त्याचं कलम २२ म्हणतं. म्हणजे मराठीत. कलम २५ प्रमाणे स्वतःचे वैद्यकीय कागद मागता येतात. एखादी नोंद वाचून पेशंटला गंभीर मानसिक इजा किंवा दुसऱ्या कुणाला धोका होईल असं वाटलं तरच तेवढी नोंद डॉक्टर राखून ठेवू शकतात. मानसशास्त्रीय चाचणी झाली असेल तर तिचा अहवालही मागा. चाचणीवरून मात्र फार घाबरू नका किंवा खूष होऊ नका. प्रश्नावली भरून निघालेला आलेख म्हणजे निदान नव्हे. मुलाखतीशी जुळला तरच त्याला किंमत.

नाशिकमध्ये कुठे

त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचाराची ओपीडी आहे. कोणत्या दिवशी कोण बसतं ते खिडकीवर विचारून मग रजा टाका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार नि:शुल्क आहेत. आडगावला मविप्रचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आहे, इगतपुरी-घोटीकडच्यांना धामणगावचं एसएमबीटी जवळ पडतं. महाविद्यालयाच्या रुग्णालयात एक सोय असते: शिकाऊ डॉक्टर तासभर बसून सगळा इतिहास लिहून घेतो. खासगीत एवढा वेळ क्वचित मिळतो. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, नाशिकला नाही. ‘ठाण्याला टाकतील’ ही भीती अजून घराघरांत आहे. व्यक्तिमत्त्व विकाराचे उपचार बहुतेक सगळे घरी राहून, ओपीडीतून होतात. भरती लागलीच तर ती थोड्या दिवसांची, जिवाला धोका असतानाची.

थेरपीसाठी मात्र पाटी वाचून आत शिरू नका. ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषध तो देऊ शकतो, समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. नंबर विचारा, खरा माणूस रागावत नाही. मग विचारा: “अशा पेशंटांबरोबर काम केलंय का? कोणत्या पद्धतीने? आठवड्याला किती वेळा, साधारण किती महिने?” ‘चार सेशनमध्ये बरं करतो’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या.

इंटरनेटवर बॉर्डरलाइनसाठी डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, हे नाव सारखं दिसेल. ती पद्धत उभी केली मार्शा लिनेहान यांनी, आणि त्यांची कथा आपल्या विषयाशी थेट जुळते. १९६१ साली, सतरा वर्षांच्या असताना, त्या अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या. निदान होतं स्किझोफ्रेनिया. दोन वर्षांहून जास्त काळ त्या तिथे होत्या. पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या, १९९३ साली डीबीटीचं मूळ पुस्तक आलं, आणि २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की ती पेशंट मीच. मागे वळून पाहताना आपला आजार बॉर्डरलाइनचा असावा असं त्या म्हणाल्या. फाईलीवरचं पहिलं नाव चुकलेलं होतं.

पूर्ण डीबीटीत आठवड्याला एक वैयक्तिक भेट, कौशल्यांचा गट आणि अडीअडचणीला थेरपिस्टला फोन, असं साधारण वर्षभर चालतं. एवढा सगळा संच छोट्या शहरात एका छताखाली मिळणं कठीण. म्हणून मुंबई-पुण्याच्या थेरपिस्टांकडे ऑनलाइन जाणारे बरेच आहेत, आणि ते ठीकही आहे. पण डीबीटी मिळत नाही म्हणून उपचारच सोडू नका. टोरांटोमध्ये १८० पेशंटांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डीबीटीची तुलना नीट आखलेल्या साध्या मानसोपचाराशी केली. वर्षभरानंतर दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. नेमाने भेटणारा, बेत ठरवून काम करणारा, पेशंटला न कंटाळणारा एक डॉक्टर गंगापूर रोडवर मिळाला, तरी पुष्कळ झालं. दर तीन महिन्यांनी डॉक्टर बदलणं हेच जास्त महागात पडतं. दुसरं मत जरूर घ्या, पण पहिल्याचे कागद नेऊन, आणि शक्यतो त्याला सांगून.

गोळ्यांबद्दल. ‘स्वभावाला औषध नाही’ अशी म्हणच आहे आपल्याकडे. तिच्यात अर्धं खरं आहे: व्यक्तिमत्त्व विकारासाठी म्हणून खास अशी गोळी नाही. बरोबर येणारं नैराश्य, चिंता, झोप यांसाठी गोळ्या देतात आणि त्यांचा उपयोग होतो. म्हणून यादी वाढत पाच-सहा गोळ्यांवर गेली असेल तर “यातली कोणती कशासाठी?” हे विचारा. पण मनाने एकही बंद करू नका. नैराश्याच्या आणि झोपेच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, घबराट, कधी झटकेसुद्धा येतात. आणि तो त्रास ‘आजार पुन्हा उलटला’ म्हणून मोजला जातो.

म्हणीतलं उरलेलं अर्धं, म्हणजे हे कधी सुधारतच नाही, ते मात्र चूक ठरलंय. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात बॉर्डरलाइनच्या २९० पेशंटांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांच्या अखेरीपर्यंत त्यांतल्या ९३ टक्क्यांची लक्षणं किमान सलग दोन वर्षं विकाराच्या रेषेखाली राहिली. नोकरी आणि नात्यांसकट पुरतं सावरणं अवघड, ते निम्म्यांना जमलं.

नाशिककराला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी किंवा कालसर्प शांत करून या. श्रद्धा असेल तर करा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मुहूर्ताची वाट बघत ओपीडी लांबवू नका, आणि विधीनंतर गोळ्या सोडू नका. दुसरा, इगतपुरीच्या विपश्यनेला पाठवा. हा सल्ला सुशिक्षित माणसं देतात, म्हणून जास्त जपून ऐकावा. डीबीटीत ध्यानाचा भाग आहे, लिनेहान यांनी तो झेनमधून घेतला, हे खरं. पण रोज दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष देणं निराळं आणि दहा दिवस मौनात, पहाटे चारपासून मनासमोर एकट्याने बसणं निराळं. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना हे शिबिर योग्य नाही, असं विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतच लिहिलंय. अर्जात आजार लपवून जाऊ नका. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

तिसरा सल्ला गावोगावी मिळतो: लग्न करून द्या, सुधारेल. लग्न हा उपचार नाही. शिवाय पुढे बिनसलं तर फाईल कोर्टात येते. त्या बाबतीत एवढं माहीत असू द्या की नुसतं आजाराचं नाव दाखवून घटस्फोट मिळत नाही. आजार किती तीव्र आहे आणि संसार करणं शक्य आहे की नाही, ते सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता खटल्यात सांगितलं आहे.

आता घरच्यांसाठी. ‘नाटकं करते’ हा शब्द घरातून काढून टाका. मे महिन्याच्या उन्हातही मुलगी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालत असेल तर ओरडू नका, हात ओढून बघू नका. बाजूला बसून सरळ विचारा: “स्वतःला इजा करावीशी वाटते का? मरावंसं वाटतं का?” विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट मोकळं होता येतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्या रात्री एकटं ठेवू नका, धोक्याच्या वस्तू आणि गोळ्यांचा साठा हलवा, आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सेवा चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. जिवावर बेतलं असेल तर फोन करत बसू नका, थेट सिव्हिलच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत. पोलीस केसच्या भीतीने बरेच जण घरीच थांबतात. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी धरायचं, आणि त्याच्यावर खटला भरायचा नाही.

रागाच्या भरात बोललेलं प्रत्येक वाक्य खरं मानू नका, आणि खोटंही म्हणू नका. “तुला खूप लागलंय ते दिसतंय. आत्ता भांडायला नको, अर्ध्या तासाने बोलू,” एवढं म्हणून अर्ध्या तासाने खरंच बोला. न चुकता. तुटून जाण्याची भीती ज्याला सतत असते, त्याच्यासाठी तो अर्धा तास पाळला जाणं फार मोठं असतं. आणि फाईलीवरचा शब्द भांडणात वापरू नका. “बघ, बॉर्डरलाइन ना तू” हे एकदा तोंडून गेलं की पुढच्या अपॉइंटमेंटला ती येत नाही.

शेवटी त्या निळ्या फाईलीबद्दल. जुन्या डॉक्टरांवरच्या रागाने किंवा घर बदलताना लोक कागद फेकतात. फेकू नका. प्रश्नचिन्हं असलेले, चुकलेले, नाव नसलेले, सगळे तारखेनुसार लावा, प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि पुढच्या भेटीला ते एक पान सगळ्यात वर ठेवून न्या.